बाळशास्त्री जांभेकर : पंतोजींना विज्ञान शिकविणारे शिक्षक



दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला जातो, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा उल्लेख होतो आणि कार्यक्रम संपतो. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातही त्यांची ओळख साधारण एवढीच असते. परंतु या माणसाने आपल्या आयुष्यातील सर्वांत अधिक तास कशात घालविले असतील, तर ते वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्हेत. ते वर्गात गेले. गणित, ज्योतिष आणि भूगोल हे त्यांचे शिकविण्याचे विषय होते आणि आयुष्याच्या अखेरीस तर ते शिक्षकांचेच शिक्षक झाले. या स्मरणिकेच्या वाचकांत बहुसंख्य पालक आणि विद्यार्थी आहेत. म्हणून बाळशास्त्रींच्या जीवनाची ही दुसरी बाजू आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे लिहिण्यास एक निमित्तही आहे. दहावीचा निकाल लागला की वाशीमसारख्या गावात कितीतरी घरांत एकच चर्चा चालते. मुलगी हुशार आहे, गुणही चांगले आहेत, परंतु शिक्षण उर्दूतून किंवा मराठीतून झालेले. मग तिला अकरावीत सायन्सला पाठवावे की नको? विज्ञान हे इंग्रजीचे, शहराचे आणि पैसेवाल्यांचे काम, आपल्या लेकरांना ते झेपायचे नाही, असे सांगणारे शेजारी प्रत्येक मोहल्ल्यात असतात. मी अनेक वर्षे विज्ञान शिकविले आहे, तेव्हा हा प्रश्न माझ्याही दारात पुष्कळदा आला. बाळशास्त्रींच्या काळी हाच प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होता. त्या वेळी मराठीत विज्ञानाची पुस्तके अगदी मोजकी होती, अनेक कल्पनांना शब्द नव्हते आणि शिकविणारेही जवळजवळ नव्हते. त्यांनी तो कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणात, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात पोंभुर्ले या गावी झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते. घरची विद्या संस्कृतची आणि मराठीची. इंग्रजी शाळा त्या खेड्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. पेशवाई बुडाली तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचा होता. पुढे तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईला आला आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाला राहून इंग्रजी शिकू लागला. बापू छत्रे हे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या संस्थेचे एतद्देशीय चिटणीस होते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना या संस्थेचे काम वाढले होते. देशी भाषांत शाळा काढणे आणि त्या शाळांसाठी पुस्तके तयार करणे, हा तिचा उद्योग. जॉर्ज जर्व्हिस नावाचा एक इंजिनिअर अधिकारी शास्त्रीमंडळींना हाताशी धरून गणिताचे इंग्रजी ग्रंथ मराठीत उतरवीत होता. कोकणातून आलेला मुलगा असा थेट पुस्तकांच्या कारखान्यातच येऊन पडला म्हणा ना!

त्याची शिकण्याची भूक विलक्षण होती. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी यांशिवाय गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू, फारसी, फ्रेंच, लॅटिन अशा भाषांची त्यांनी ओळख करून घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढ्या भाषा शिकलेला हा माणूस लिहायला बसला तेव्हा मात्र त्याने मुलांसाठी सोप्या मराठीत लिहिले. नवी भाषा शिकली म्हणजे घरची भाषा सोडावी लागते, हा समज त्या काळीही होता आणि आजही आहे. बाळशास्त्री एका भाषेतून ज्ञान घेत आणि दुसऱ्या भाषेत ते मांडीत. ज्या मुलाला घरी उर्दू, बाजारात मराठी आणि कॉलेजात इंग्रजी वापरावी लागते, त्याला हा रोजचा व्यायाम आहे. आपण मात्र त्याला अडचण म्हणतो.

विशीच्या आतच बाळशास्त्री त्या सोसायटीच्या कामात शिरले आणि बापू छत्र्यांच्या पाठोपाठ चिटणिशीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ६ जानेवारी १८३२ रोजी, शुक्रवारी, ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. आरंभी ते पाक्षिक होते, त्याच वर्षी मे महिन्यापासून साप्ताहिक झाले. पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी आणि एकात मराठी. इंग्रजी जाणणाऱ्यास देशी लोकांचे म्हणणे कळावे आणि मराठी वाचणाऱ्यास जगात काय चालले आहे ते समजावे, असा त्यामागील हेतू होता. राज्यकारभाराच्या बातम्यांबरोबर नव्या विद्यांविषयीचा मजकूरही त्यात येई. विधवांच्या पुनर्विवाहाचा आणि स्त्रियांच्या शिक्षणाचा प्रश्नही ‘दर्पण’ने मांडला. हे पत्र साडेआठ वर्षे चालले आणि १८४० साली बंद झाले. वाचणारेच मुळात थोडे आणि वर्गणी देणारे त्याहून थोडे, अशा स्थितीत ते इतकी वर्षे चालले हेच नवल. ‘दर्पण’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

वर्गाकडे वळू. १८३४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बाळशास्त्रींची एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मुंबई इलाख्यात हे पद मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पुढच्या वर्षी विलायतेतून आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आणि जॉन हार्कनेस हे दोन प्राध्यापक आले. ऑर्लेबारांकडे गणित आणि पदार्थविज्ञान होते. सुरुवातीचे वर्ग मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरत. दादाभाई नौरोजी या संस्थेत शिकले ते याच काळात आणि पुढे ते तेथेच गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले.

शिकविता शिकविता बाळशास्त्रींना जी अडचण आली, ती प्रत्येक शिक्षकाला येते. मुलांच्या हातात द्यायला पुस्तक नाही. मग त्यांनी स्वतःच पुस्तके लिहिली. ‘बालव्याकरण’, ‘नीतिकथा’, ‘हिंदुस्थानचा इतिहास’ ही त्यांतील काही. विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची दोन. एक ‘भूगोलविद्या’, तिच्या गणितभागात पृथ्वीचा आकार, तिच्या गती, अक्षांश-रेखांश आणि ऋतू यांचा विचार येतो. दुसरे ‘शून्यलब्धि’. हे नाव ऐकून दचकू नका. आज बारावीच्या मुलांना जे डिफरन्शिअल कॅल्क्युलस म्हणून शिकविले जाते, तोच हा विषय. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या कितीतरी आधी एक तरुण शिक्षक हा विषय मराठीत मांडीत होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्यांनी वापरलेले सगळेच शब्द टिकले नाहीत. ‘शून्यलब्धि’ हा शब्द आज कोणी वापरत नाही. त्या जागी ‘कलन’ आला आणि मुले तर कॅल्क्युलसच म्हणतात. त्यांच्या परिभाषेवर संस्कृतचा भार होता. साध्या पंतोजीला ती जड गेली असेल, असे मला वाटते. परंतु पहिला रस्ता पाडणाऱ्याने कोठे वळण घ्यावे हे मागाहून येणाऱ्याने सांगणे सोपे असते. शब्द बदलले तरी बिघडत नाही. विषय आपल्या भाषेत मांडता येतो, हे एकदा सिद्ध झाले की झाले.

आता ज्या कामासाठी विज्ञान शिक्षकांनी त्यांचे विशेष स्मरण ठेवावे, त्याकडे येतो. १८४० साली, ‘दर्पण’ बंद झाले त्याच वर्षी, बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ नावाचे मासिक सुरू केले. हे मराठीतील पहिले मासिक. भूगोल, इतिहास, व्याकरण, गणित, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवरील लेख त्यात असत आणि सोबत नकाशे व आकृत्या असत. या नकाशांचे आणि आकृत्यांचे मोल आज आपल्या ध्यानात येणार नाही. आज आपल्या हातातील मोबाईलवर सूर्यमालेचे चित्र क्षणात दिसते. त्या काळी खेड्यातील शाळेच्या भिंतीवर एकही नकाशा नव्हता. पंतोजीच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकीत आणि मोडी वाचायला शिकत. हिशेबाला हे सर्व चोख होते, त्यात शंका नाही. पण ऋतू का बदलतात किंवा ग्रहण कशाने लागते हे पंतोजीने सांगावे कशावरून? ज्याच्यापाशी सांगण्याचे साधनच नाही, त्याला अडाणी म्हणून हिणविणे सोपे असते. बाळशास्त्रींनी साधन पुरविण्याचा मार्ग धरला. दर महिन्याला नवा मजकूर, जगात लागलेल्या शोधांची ओळख, फळ्यावर उतरवून घेता येईल अशी आकृती. आजच्या भाषेत सांगायचे तर शिक्षकांसाठी शैक्षणिक साहित्याचे ते नियतकालिकच होते. सुमारे पाच वर्षे त्यांनी ते चालविले.

‘दिग्दर्शन’ चालू असतानाच त्यांच्याकडे आणखी एक काम आले. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा बांधली होती. जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशातील ताऱ्यांचे वेध घ्यावेत, हा तिचा मूळ उद्देश. १८४१ सालापासून ऑर्लेबारांच्या देखरेखीखाली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची नियमित मोजमापे सुरू झाली. त्यामागे मोठी हकिकत आहे. जर्मनीत गाउस या गणितज्ञाने असे सुचविले होते की होकायंत्राची सुई दिवसभरात किंचित हलते, तिची हालचाल निरनिराळ्या देशांत एकाच वेळी मोजली तर पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कोडे उलगडेल. त्याप्रमाणे जगभर ठिकठिकाणी वेधशाळा निघाल्या आणि कुलाबा त्यांपैकी एक झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापनाबरोबर या वेधशाळेच्या कामातही बाळशास्त्रींचा संबंध आला आणि काही काळ तिची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम कसे असते याची कल्पना करा. दिवस असो की रात्र, पाऊस असो की उकाडा, ठरलेल्या वेळी सुईचा आकडा पाहावयाचा आणि वहीत लिहावयाचा. उद्याही तेच, परवाही तेच. एका आकड्यात काही चमत्कार नसतो, पण अनेक वर्षांचे आकडे साठले की त्यांतून निसर्गाचा नियम डोकावू लागतो. मुंबईत पुढे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुईच्या मोजमापात बिघाड होऊ लागेल, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला नेण्यात आले. ते आजही तेथे चालू आहे. कुलाब्याला सुरू झालेली ती वही अशी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लिहिली जात आहे. आमच्या मुलांना प्रयोगवही दुसऱ्याची पाहून उतरविण्याची सवय आहे, म्हणून हे थोडे सविस्तर सांगितले.

याच वेधशाळेत केरो लक्ष्मण छत्रे नावाचा तरुण मदतनीस म्हणून काम करीत होता. तेथेच तो वेध घेण्यात तयार झाला. पुढे केरूनाना छत्रे या नावाने ते पुण्यास गणिताचे नामांकित अध्यापक झाले आणि टिळक, आगरकर यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले. कुलाब्याच्या एका खोलीतील शिस्तीची परंपरा कोठवर पोहोचली ते यावरून समजावे.

बाळशास्त्रींचा व्यासंग एवढ्यावर थांबला नव्हता. जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिले. (आपल्या वाशीमला सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट विसाव्या शतकात प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या हाती पडता तर काय आनंद झाला असता!) १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची छापील आवृत्ती काढली. त्याआधी १८४३ साली मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपाद शेषाद्री नावाच्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून ते उभे राहिले आणि स्वतःच्याच समाजाचा रोष त्यांनी पत्करला. त्या प्रकरणाचा त्यांना फार त्रास झाला. एवढेच सांगून पुढे जातो, कारण तो वेगळा विषय आहे.

आता एका अशा नावाकडे आपले लक्ष वेधतो, जे आपल्या समाजातही फारसे कोणाला माहीत नाही. १८४० साली मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन हे मंडळ स्थापन झाले. त्यात सरकारने नेमलेल्या सभासदांबरोबर तीन हिंदी सभासद होते. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहीम मकबा. मकबा हे कोकणी मुसलमान समाजातील भाषापंडित. ‘तोहफा-ए-एल्फिन्स्टन’ हे हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण त्यांनी १८२३ साली प्रसिद्ध केले होते. इलाख्यातील शाळा, पुस्तके आणि शिक्षकांची तयारी यांविषयीचे निर्णय ज्या मंडळात होत, तेथे एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान असे तिघे बसत. याच मंडळाच्या अमदानीत बाळशास्त्रींनी आयुष्यातील शेवटचे मोठे काम केले. मुंबई इलाख्यात आधुनिक शिक्षणाचा पाया घातला जात असताना आपला समाज त्या ठिकाणी हजरच नव्हता, असे कोणी सांगू लागले तर मकबांचे नाव सांगावे.

ते शेवटचे काम म्हणजे नॉर्मल क्लास. नाव विचित्र वाटेल, पण त्याचा अर्थ शिक्षक तयार करणारा वर्ग, म्हणजे पुढच्या काळातील ट्रेनिंग कॉलेज किंवा आजचे अध्यापक विद्यालय. १८४५ साली मुंबईत हा वर्ग सुरू झाला आणि त्याचे प्रमुखपद बाळशास्त्रींकडे आले. मराठी शाळांवर जाणारे मास्तर येथे तयार व्हावयाचे होते. शिवाय कोकण भागातील सरकारी मराठी शाळांची तपासणीही त्यांच्याकडे होती. म्हणजे वर्गात मास्तर तयार करावयाचे, आणि मग बैलगाडीने, गलबताने, प्रसंगी पायी प्रवास करून गावोगावच्या शाळेत मुलांना काय येते ते पाहावयाचे.

मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुस्तक लिहिले, मासिक काढले, तरी शिकविणारा माणूस तयार नसेल तर ती कागदेच राहतात. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील एक आठवण सांगतो. एका शाळेत विज्ञान साहित्याचे सुंदर लाकडी कपाट होते. लोहचुंबक, भिंगे, काचेच्या परीक्षानळ्या, तापमापक असे सर्व काही त्यात होते आणि डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंदही व्यवस्थित होती. परंतु कपाटाला कुलूप होते. काही फुटले तर ते भरून कोण देणार, या भीतीने किल्ली सहसा बाहेर निघत नसे. तपासणीच्या दिवशी तेवढी काचेवरची धूळ पुसली जाई. दोष एकट्या किल्ली ठेवणाऱ्याचा नव्हता. ते साहित्य वापरावे कसे हे आम्हा शिक्षकांपैकी कोणाला कोणी दाखविलेच नव्हते. पुढे मीच एका भिंगाने उन्हात कागद पेटवून दाखविला, तेव्हा मागच्या बाकावरील मुले पहिल्यांदा पुढे येऊन उभी राहिली.

बाळशास्त्रींना या कामासाठी वेळ फार थोडा मिळाला. १८४६ च्या उन्हाळ्यात ते आजारी पडले आणि मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस वर्षांचे. ‘दर्पण’पासून मोजले तर चौदा वर्षांचे सार्वजनिक जीवन. एवढ्या काळात वृत्तपत्र, मासिक, पाठ्यपुस्तके, वेधशाळा, कॉलेजातील अध्यापन आणि शिक्षकांचा वर्ग. यांतील एकेका कामाला आज आपण स्वतंत्र समिती नेमतो, आणि तिची पहिली बैठक व्हायला सहा महिने लागतात!

त्यांच्यामागे काम थांबले नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी वाङ्मय आणि विज्ञान यांचा अभ्यास करणारी संस्था काढली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभांत व्याख्याने होऊ लागली आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. याच तरुणांनी मुलींच्या शाळाही काढल्या. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९६६ साली, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिची पत्रिका मराठी वाचकांपर्यंत विज्ञान पोहोचवू लागली. १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. आपल्या शाळेच्या वाचनालयात असे साहित्य येत असेल तर मुलांना ते चाळू द्यावे. येत नसेल तर पालकसभेत मुख्याध्यापकांना अवश्य विचारावे.

बाळशास्त्री ‘भूगोलविद्या’ लिहीत होते त्या काळी आपले वाशीम निजामाच्या राज्यात होते. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते १८५३ साली. परंतु त्या पुस्तकाच्या विषयाशी आपल्या गावाचे नाते फार जुने आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील गावांची यादी दिली आहे, तीत उज्जैनबरोबर वत्सगुल्माचेही नाव येते. आजच्या मोजणीप्रमाणे वाशीम हे उज्जैनच्या रेषेपासून सव्वा अंशाहून थोडे अधिक पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडे सूर्य सुमारे साडेपाच मिनिटे आधी माथ्यावर येतो. यंत्रे नसताना एवढाच फरक राहिला, हे थोडे नव्हे. मुंबईपेक्षा तर तो सुमारे सतरा मिनिटे आधी येतो. मुंबईत छापलेले नमाजाचे वेळापत्रक वाशीमला का चालत नाही, असे मुलाने विचारले तर त्याचे उत्तर हेच. जवालची वेळ म्हणून आपल्या घरातील आजीलाही जी ठाऊक असते, ती म्हणजे सूर्य मध्यरेषेवर येण्याची घटका.

हा प्रयोग करायला कपाटाची किल्ली लागत नाही. शंभर सेंटिमीटरची सरळ काठी अंगणात ओळंब्याने उभी रोवा. दुपारी बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली जेव्हा पडेल, तेव्हा वाशीमची खरी मध्यान्ह झाली. घड्याळात ती वर्षभर सारखी येत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी बारा वाजून पाच मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यास बारा वाजून छत्तीस मिनिटांच्या आसपास येते. २२ डिसेंबरला ती सावली सुमारे ९५ सेंटिमीटर भरेल. २१ मार्चला ३७. मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास काठीला सावलीच राहणार नाही. तेव्हा शाळेला सुटी असते, म्हणून तो दिवस घरीच पाहावा लागेल. आणि २१ जूनच्या सुमारास, आभाळ मोकळे मिळाले तर, पाचसहा सेंटिमीटरची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पडलेली दिसेल. असे का होते, ते घरच्या मंडळींना सांगण्याआधी आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. वही मात्र स्वतःची हवी, शेजाऱ्याची पाहून उतरविलेली चालणार नाही.